थंड पाण्यातलं बुडालेलं जहाज, तेही किनाऱ्यावरून: पोर्टो कोव्हच्या डाइव्हची ठाण्यातून तयारी

आमच्या सोसायटीत ज्याला विचारावं त्याचं कुणी ना कुणी कॅनडात असतं. मुलाकडे नाहीतर बहिणीकडे महिना-दोन महिने जायचं ठरलं, की ज्यांच्याकडे डाइव्हिंगचं कार्ड आहे ती मंडळी हमखास विचारतात, ‘तिकडे पाण्यात उतरता येईल का हो?’ येईल, आणि चांगलं येईल. व्हँकुव्हरच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवर, हायवे ९९ ला अगदी खेटून, पोर्टो कोव्ह प्रोव्हिन्शियल पार्क आहे. हाउ साउंड या हिमनदीने कोरलेल्या लांबट, खोल खाडीवरचा हा छोटा किनारा. मासे आणि समुद्री जीवांना आसरा मिळावा म्हणून इथे जुन्या बोटी मुद्दाम बुडवल्या आहेत. त्यातली ‘नकाया’ ही दुसऱ्या महायुद्धातली सुरुंग काढणारी नौका. पार्किंगमधून चालत जायचं, पाण्यात शिरायचं आणि पोहत तिच्यापर्यंत पोचायचं. बोट भाड्याने घेण्याची गरज नाही.

अडचण एकच. मालवण, नेत्राणी, अंदमान इथलं आपलं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. तिथे पृष्ठभागाखाली गेलात की एरवी आठ-दहा अंश, हिवाळ्यात त्याहूनही कमी. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. त्यामुळे आपण इथे ज्या सवयीने खोली, वेळ आणि हवा मोजतो ती सवय तिथे कामाला येत नाही. अंगावर काय घालायचं, बुडण्यासाठी कमरेला किती शिसं लावायचं, किती हवा राखायची, कधी मागे फिरायचं, हे सगळं थंडीवरून ठरतं. खालचं सगळं वाचताना हे ध्यानात असू द्या.

आधी कागद आणि डॉक्टर

मालवणला पंधरा मिनिटं प्रशिक्षकाने सिलिंडर धरून फिरवलं आणि हातात व्हिडिओ दिला, याला डाइव्हिंग येणं म्हणत नाहीत. मजा आहे, जरूर करा, पण तेवढ्यावर कॅनडात कुणी सिलिंडर देणार नाही. किमान ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीच्या प्रशिक्षणाचं कार्ड हवं. त्याची मर्यादा १८ मीटर. त्यापुढे ३० मीटरपर्यंत जायचं तर अॅडव्हान्स्ड. तारकर्लीचं एमटीडीसीचं केंद्र किंवा गोवा, अंदमानमधल्या शाळा, कुठूनही कार्ड काढा. कोकणातला हंगाम पावसाळ्यात बंद असतो, म्हणजे जून-जुलैत कॅनडाला जाणाऱ्यांनी एप्रिलच्या आत हे उरकायला हवं.

ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा सूट, त्याचं प्रशिक्षण वेगळं. ते आपल्याकडे शोधत बसू नका, व्हँकुव्हरच्या डाइव्ह शॉपमध्ये करा. एक सत्र तलावात आणि मग समुद्रात, असं ते साधारण असतं. सूट तिथेच भाड्याने मिळतो आणि मापाचा मिळतो, हे महत्त्वाचं.

डॉक्टरांकडे जाताना डाइव्हिंगची प्रश्नावली छापून न्या. आपले फॅमिली डॉक्टर ‘पोहायला हरकत नाही’ असं म्हणून मोकळे होतात, पण प्रश्न पोहण्याचा नाही. पंचेचाळिशी ओलांडली असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, लहानपणी दमा असेल, तर स्पष्ट सांगा. थंड पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे ढकललं जातं आणि रक्तदाब वाढतो. बुडालेल्या अवस्थेत फुप्फुसात पाणी साठण्याचा जो त्रास काही डाइव्हर्सना होतो, त्यात थंड पाणी आणि उच्च रक्तदाब ही दोन्ही ठळक कारणं आहेत. पाण्यात असताना श्रम न करताही धाप लागली, खोकला आला, तर ती थंडी समजून सोडून द्यायची गोष्ट नाही. डाइव्ह तिथेच संपली.

प्रवासाचा विमा काढताना पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच पॉलिसींत स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’चा वेगळा विमा मिळतो, तो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

ठाण्यात बसून काय करता येतं

खाडीत तर काही करता येत नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात ते त्या गाळामुळेच, आणि त्या पाण्यात स्वतःचा कोपरही दिसणार नाही. पण तलाव आहेत. मारोतराव शिंदे तरणतलाव असो की वाशी-नेरुळमधला एखादा क्लब, न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं हे कार्डासाठीही लागतं. मी म्हणेन त्याच्या दुप्पट करा, कारण किनाऱ्यावरून जाताना जड सूट घालून पाण्याच्या पृष्ठभागावर बरंच अंतर कापायचं असतं.

पायांत ताकद हवी. येऊरच्या चढावर पाठीवर पंधरा-वीस किलोची सॅक घेऊन चाला, उतरतानाही. सिलिंडर आणि शिशासकट खडकाळ किनारा चढून येणं हे डाइव्हमधलं सगळ्यात दमवणारं काम, आणि ते दमल्यावर करायचं असतं.

होकायंत्र हातात घेऊन चालण्याचा सराव करा. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत पहाटे गर्दी नसते तेव्हा एक खूण ठरवायची, तिचा कोन घ्यायचा, डोक्यावर टॉवेल टाकून फक्त होकायंत्राकडे बघत पन्नास पावलं जायचं, कोनात १८० मिळवून वळायचं आणि निघालो तिथेच पोचतो का ते पाहायचं. जाताना ७० अंश असेल तर येताना २५०. बेरीज ३६० च्या वर गेली तर तिच्यातून ३६० वजा करायचे. चालायला आलेले काका-काकू थांबून बघतात. बघू द्या. बडीनेही, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारानेही, सोबत करावं, कारण पाण्याखाली दोघांपैकी एक वाट दाखवतो आणि दुसरा पावलांऐवजी पायातल्या फिनचे फटके मोजतो.

आणि आता जे सगळ्यात उपयोगी आहे ते. एका घमेल्यात पाणी आणि बर्फ घ्या. पाच मिलिमीटरचे निओप्रीनचे हातमोजे ऑनलाइन मिळतात. ते घालून हात मनगटापर्यंत पाण्यात ठेवा. सुरुवातीला काही वाटत नाही. मग पाणी मोज्यात झिरपतं, नखांच्या मुळाशी कळ येते, आणि थोड्या वेळाने कळ जाऊन बोटं नुसती जाड वाटायला लागतात. त्याच क्षणी हात बाहेर काढून कामं करायची: टॉर्चची पितळी खिट्टी कड्यातून सोडवा, परत अडकवा. शिशाच्या पट्ट्याचं बक्कल डोळे मिटून उघडा. बडीला हवेचा आकडा बोटांनी दाखवा. जे काम या हातांनी होत नाही ते पोर्टो कोव्हमध्ये होणार नाही. म्हणून छोट्या खिट्ट्या बदलून मोठ्या लावायच्या, आणि लोंबणाऱ्या वस्तू कमी करायच्या. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी असेल किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कधी जायचं

आपल्याकडची बहुतेक मंडळी मे ते ऑगस्टमध्ये जातात. डाइव्हसाठी तो काळ मधला. उन्हाळ्यात बर्फ वितळून स्क्वामिश नदीतून दुधाळ गोडं पाणी येतं आणि खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून बसतं. वरचे काही मीटर गढूळ आणि त्यातल्या त्यात उबदार, खाली गेलात की एकदम थंड, बरंच स्वच्छ, पण अंधारं. दोन पाणी मिसळतात तिथे सगळं तेलकट, थरथरतं दिसतं. घाबरायचं कारण नाही, मास्क खराब झालेला नाही. हिवाळ्यात प्लवक कमी आणि नदीही शांत, त्यामुळे दृश्यता सगळ्यात चांगली. पण डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो आणि पाण्याबाहेर कपडे बदलताना जीव जातो. मला विचाराल तर ऑक्टोबर, किंवा मग फेब्रुवारी-मार्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंगकॉड माशाचे नर खडकाच्या फटीतल्या अंड्यांवर पहारा देत बसलेले दिसतात. त्यांच्या जवळ जाऊ नका, ते अंगावर येतात.

उन्हाळ्यातच जाणार असाल तर सकाळी उतरा. दुपारी खाडीतून जोराचा वारा सुटतो. स्क्वामिशला पतंग लावून पाण्यावर सरकणारे लोक जगभरातून येतात ते याच वाऱ्यासाठी.

भरती-ओहोटी: तिथी इथेच ठेवून जा

आपल्या कोळीवाड्यांतला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. यातला उधाण-भांगाचा भाग चंद्राचा आहे, तो तिथेही ढोबळमानाने लागू पडतो. वेळेचा भाग मात्र फक्त आपल्या किनाऱ्याचा. शिवाय तिथल्या दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक ओहोटी नावापुरती, तर दुसरी पार तळ दाखवणारी. म्हणून कॅनडा सरकारची कोष्टकं बघायची, जवळचं प्रमाण बंदर पॉइंट अॅटकिन्सन.

उन्हाळ्यात तिथली मोठी ओहोटी दिवसा येते आणि हिवाळ्यात रात्री. पाण्याची पातळी काही दिवशी चार-पाच मीटरने खालीवर होते. म्हणजे जूनमध्ये भर दुपारी पोचलात तर बार्नॅकल या कवचाच्या जीवांनी भरलेले, शेवाळाने गुळगुळीत झालेले गोटे लांबवर तुडवायचे. डिसेंबरात दिवसा पाणी जवळ. जहाजाची खोलीही तेवढ्याच फरकाने बदलते, कालच्या माणसाने सांगितलेला आकडा आज धरू नका. पाणी भरत आलेलं असताना उतरणं आणि भरतीच्या आसपास बाहेर येणं हे सगळ्यात सोयीचं.

सामान

ड्रायसूट घ्या. आत पाणी येऊ देणाऱ्या सात मिलिमीटरच्या वेटसूटमध्येही लोक उतरतात, पण ते तिथले लोक. ड्रायसूटच्या आत हिमालयातल्या ट्रेकचे लोकरी थर्मल चालतात. सुती बनियन, सुती मोजे अजिबात नको, घाम धरून ठेवतात आणि मग तो घामच गार पडतो. गळ्याचं आणि मनगटाचं रबरी सील नाजूक असतं, म्हणून अंगठ्या, कडं, मंगळसूत्र, कानातलं सगळं आधी घरी काढून ठेवा आणि नखं कापा. सीलखाली एक केस किंवा थर्मलची कड अडकली तरी तिथून पाणी शिरत राहतं. बडीला गळ्याभोवती बोट फिरवून तपासायला सांगा.

रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून सिलिंडरमधली हवा घ्यायचं उपकरण, इथून नेत असाल तर त्याची खूण पाहा. युरोपच्या ईएन २५० मानकानुसार जे थंड पाण्याच्या चाचणीत बसत नाहीत, त्यांच्यावर फक्त १० अंशांपेक्षा जास्त तापमानासाठी अशी खूण असते. अशा रेग्युलेटरने तिथे उतरू नका. सिलिंडरमधली हवा प्रसरण पावताना प्रचंड गार होते, आतला ओलावा गोठतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो-धो वाहायला लागते. बंदिस्त पहिल्या टप्प्याचा (सिलिंडरला जोडणारा भाग पाण्यापासून बंद असलेला), थंड पाण्याचा रेग्युलेटर भाड्याने घेणं स्वस्त पडतं. किनाऱ्यावर गार हवेत तोंडात धरून फुंकर मारत चाचणी घेत बसू नका, श्वासातला ओलावा आत जातो. पाण्यात, तोंड बुडवून, दोन-तीन श्वास घ्या. आणि श्वास घेता घेता त्याच वेळी सूट किंवा बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) हवा भरायची नाही, एकावेळी एक.

शिसं इथल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट लागेल आणि ते पौंडात मिळेल. एक किलो म्हणजे २.२ पौंड. अंदाजावर जाऊ नका. पाण्यात उभं राहून, सूटमधली हवा काढून, साधा श्वास धरला की पाणी डोळ्यांपाशी यायला हवं. वर दोन-अडीच किलो वाढवा, कारण डाइव्हच्या शेवटी सिलिंडर तेवढं हलकं झालेलं असतं. दोन टॉर्च, एक कापायचं साधन (जुन्या मासेमारीच्या दोऱ्या सगळीकडे असतात), आणि तरंगता लाल-पांढरा झेंडा एवढं सोबत हवंच.

हवेचा हिशेब

तिकडे हवेच्या दाबाचे मीटर बारऐवजी पीएसआयमध्ये असतात. २०० बार म्हणजे सुमारे २,९०० पीएसआय. घरीच कागदावर हिशेब करून तो पीएसआयमध्ये लिहून न्या.

समजा सिलिंडर अकरा लिटरचं आहे, २०० बारने भरलेलं, आणि तुम्ही २० मीटरवर आहात. आपल्या पाण्यात तुम्ही पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला वीस लिटर हवा घेत असाल तर तिथे तीस धरा. थंडीत, जड सूटमध्ये श्वास वाढतोच. आता वाईटात वाईट प्रसंग: बडीची हवा संपली, दोघं एकाच सिलिंडरवर, म्हणजे साठ लिटर. २० मीटरवर दाब ३ बार, तिथे सावरायला एक मिनिट, १८० लिटर. वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब २ बार, २४० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा, दीड बार, २७० लिटर. एकूण ६९०. अकराने भागा, ६३ बार. म्हणजे ७० बारला हात लावायचा नाही. उरले १३०, त्यातले निम्मे जायला, निम्मे यायला. मीटर १३५ बारवर आला की वळायचं. हा नियम दोघांपैकी ज्याचा काटा आधी पोचेल त्याच्यासाठी.

माझा दुसरा नियम हाताचा. दर पाच मिनिटांनी अंगठा करंगळीला टेकवून पाहायचा. टेकला नाही की वळायचं, मग हवा कितीही असो. बहुतेक वेळा इथल्या माणसाला हातच आधी परत पाठवतात.

त्या दिवशी

पहिल्या दिवशी जहाजाचा नाद नको. त्याच किनाऱ्यावर आठ-दहा मीटरच्या आत ड्रायसूटमध्ये एक डाइव्ह करा, शक्यतो तिथल्या प्रशिक्षकाबरोबर. पाय वर आणि डोकं खाली झालं तर सूटमधली हवा पायांत जाते आणि माणूस उलटा वर ओढला जातो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि डावा कोपर उंच करून झडपेतून हवा सोडायची. हे उथळ पाण्यातच अंगवळणी पडू द्या.

गाडीपाशी सगळं जोडून झालं की रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर जा. पाणी कुठवर आहे, बाहेर कुठून यायचं, बोये कुठे आहेत ते बघा. परतायची जागा आधी ठरवा, उतरायची नंतर. बोयाचा कोन घ्या आणि पाण्याखाली लिहायच्या पाटीवर उलटा कोन लिहा. किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाला परतायची वेळ सांगा, त्याच्याकडे चार्ज केलेला फोन हवा.

मास्क चेहऱ्यावर, बीसीडीत अर्धी हवा, एकमेकांचा दंड धरून सावकाश आत. कमरेइतक्या पाण्यात फिन्स चढवा. मग चेहरा पाण्यात घाला आणि थांबा. पहिल्या मिनिटाला कपाळ ठणकतं, श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तो शांत होईपर्यंत पुढे सरकायचं नाही. हूडमध्ये एका कानात पाणी आधी शिरलं तर क्षणभर गरगरतं, दोन्ही बाजूंनी हूड थोडा सैल करून पाणी समान होऊ द्या. बोयापर्यंत पाठीवर पोहत किंवा स्नॉर्केलने जा, सिलिंडरची हवा वाचते. मग साखळीच्या जवळून, तिला न ओढता, खाली.

हिरव्या अंधारातून आधी पांढरे ठिपके दिसतात. ती समुद्रफुलं, हातभर उंचीची, जहाजाच्या कडांवर दाटीने उभी असतात. सांगाडा जुना झालाय, ढासळतोय, आत शिरायचं नाही. त्याचं प्रशिक्षण वेगळं आणि उपकरणंही वेगळी. बाहेरून दीड-दोन मीटर वर तरंगत फिरा, फिनने गाळ उडवू नका. ऑक्टोपस शोधायचा तर ऑक्टोपस शोधू नका, खेकड्यांची रिकामी कवचं शोधा. एखाद्या फटीच्या तोंडाशी स्वच्छ, फुटक्या कवचांचा ढीग दिसला की टॉर्च तिरका धरून आत बघा. आधी तपकिरी दगड वाटतो, मग त्या दगडाचा श्वास चालू असल्याचं कळतं, आणि मग लहान-मोठ्या चूषकांची रांग उलगडते. हात घालू नका. मादी अंड्यांवर बसली असेल तर ती महिनोन्‌महिने खात नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरते.

तारामासे मात्र पूर्वीसारखे दिसत नाहीत. २०१३ पासून पॅसिफिक किनाऱ्यावर त्यांना गळवून टाकणारा रोग पसरला. त्यामागे व्हिब्रिओ कुळातला एक जिवाणू असल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठा सूर्यफूल तारामासा दिसला तर फोटो काढा आणि तिथल्या डाइव्ह शॉपला सांगा.

रेग्युलेटर वाहायला लागला तर ओठ सैल करून त्यातूनच श्वास घ्या, बडीकडे जा, त्याच्या जादा रेग्युलेटरवर या आणि मग तुमची झडप त्याला बंद करू द्या. दोघांनी मिळून सरळ वर. एरवी परतताना तळाच्या चढाने येत पाच मीटरवर थांबा होतो, तो वेगळा काढायला नको.

बाहेर आल्यावर

आधी टोपी, मग बाकीचं. थर्मासमध्ये गोड चहा. गाडीचा हीटर चालू असू द्या, पण सामान वाहायला बडीसोबत धावू नका, थोडा वेळ बसा.

पोर्टो कोव्हहून तोच रस्ता पुढे व्हिसलरला जातो आणि घरचे म्हणतात, आलोच आहोत तर जाऊन येऊ. नाही. गाव साडेसहाशे मीटरच्या वर आहे, गोंडोला त्याहून कितीतरी वर. विमानाला जे अंतर ठेवायचं तेच इथेही: एका साध्या डाइव्हनंतर किमान बारा तास, एकापेक्षा जास्त केल्या असतील तर अठरा. मुंबईच्या विमानाआधी मी पूर्ण दिवस मोकळा ठेवायला सांगते.

शेवटची गोष्ट गोंधळात टाकणारी आहे. बोटं बधिर, सांधे आखडलेले, प्रचंड थकवा, हे थंडीनेही होतं आणि रक्तात बुडबुडे झाल्यानेही. थंडीचं असेल तर दोन्ही हातांना सारखं होतं आणि अर्ध्या तासाच्या उबेत जातं. एकाच बाजूला मुंग्या, खांद्यात-कोपरात खोल ठणका, चालताना तोल जाणं, अंगावर चट्टे, लघवी न होणं, यातलं काहीही असेल तर उब देऊन वाट बघत बसू नका. ९११ ला फोन करा, ‘डाइव्ह करून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, ऑक्सिजन मागा. उच्च दाबाचं उपचार कक्ष व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये आहे. डाइव्ह कॉम्प्युटर पेशंटसोबतच पाठवा, त्यातली नोंद डॉक्टरांना लागते.